मोटारसायकलचा चिमटा घरी वेल्ड करताना: मागच्या शॉकअपची जागा बदलण्याची सविस्तर पद्धत

निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्षबागांमध्ये शंभर-सव्वाशे सीसीची जुनी मोटारसायकल आजही रोज राबते. बागेच्या दोन ओळींमधून औषधाचे कॅन नेणे, वीज आली की विहिरीवर जाऊन मोटर चालू करणे, छाटणीच्या दिवसांत मजुरांचा डबा पोचवणे ही कामे ट्रॅक्टरला परवडत नाहीत आणि पायी होत नाहीत. डांबरी रस्त्यासाठी बनवलेल्या या गाड्यांचे मागचे चाक मात्र फार थोडे हलते. पावसाळ्यात पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या दिवाळीनंतर वाळून दगडासारख्या होतात तेव्हा शॉकअप पुन्हापुन्हा तळाला आपटतो आणि तो धक्का थेट चेसीला व बसणाऱ्याच्या कमरेला पोचतो. त्यावर सर्वाधिक केला जाणारा घरगुती उपाय म्हणजे चिमट्यावरची, म्हणजे स्विंग आर्मवरची, शॉकअपची खालची बैठक पुढे सरकवून वेल्ड करणे. या लेखात फक्त तेवढ्याच बदलाची पद्धत दिली आहे, कारण घरच्या साधनांनी जबाबदारीने करता येण्याजोगा माझ्या मते तेवढाच बदल आहे.

पुढे जाण्याआधी कायद्याची बाजू स्पष्ट असावी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल नोंदणीकृत वाहनात करता येत नाही. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून ही पद्धत केवळ स्वतःच्या शेतात किंवा खासगी आवारात फिरणाऱ्या गाडीसाठी आहे. शेतातून गावात जाणारा शिवरस्ता हा सार्वजनिक रस्ताच असतो, आणि जी गाडी बाजार समितीत किंवा नाशिक शहरात न्यायची आहे तिच्या चिमट्याला वेल्डिंग लावू नये.

वेल्डिंगआधीचे गणित

पहारीने दगड उचलताना टेकूची जागा बदलली की हाताला लागणारा जोर आणि दगड उचलला जाण्याची उंची दोन्ही बदलतात, तसेच चिमट्याचे आहे. पिव्हट बोल्टपासून, म्हणजे ज्याभोवती चिमटा वर-खाली फिरतो त्या बोल्टपासून, मागच्या ॲक्सलपर्यंतचे अंतर 420 मिमी आहे, शॉकअपची खालची बैठक पिव्हटपासून 400 मिमीवर आहे आणि शॉकअपचा दांडा 75 मिमी आत जातो, असे धरू. शॉकअप चिमट्याशी साधारण काटकोनात आहे असे मानले, तर चाक 75 गुणिले 420 भागिले 400, म्हणजे सुमारे 79 मिमी वर जाते. बैठक 330 मिमीवर आणली तर तोच शॉकअप चाकाला सुमारे 95 मिमी हालचाल देतो. हा 16 मिमीचा फायदा चाकोरीत स्पष्ट जाणवतो.

त्याची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते आणि तिन्ही आकडे कागदावर लिहिल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नये. पहिली किंमत स्प्रिंगची आहे. चाकाला जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा या दोन अंतरांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतो. पूर्वी 400 भागिले 420 चा वर्ग सुमारे 0.91 होता, आता 330 भागिले 420 चा वर्ग सुमारे 0.62 होतो, म्हणजे तीच स्प्रिंग चाकापाशी जवळजवळ एकतृतीयांश मऊ वाटते. पूर्वीचा कडकपणा टिकवायचा तर सुमारे दीडपट कडक स्प्रिंग लागते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढत असल्यामुळे, वेटोळ्यांची संख्या आणि व्यास तेच ठेवले तर 7.5 मिमीऐवजी 8.3 मिमी तारेची स्प्रिंग पुरते. स्प्रिंग बदलली नाही तर वाढलेली हालचाल बसणाऱ्याच्या वजनातच खर्च होते आणि चाक पूर्वीइतकेच तळाला आपटते. अनेकांचा बदल फसतो तो इथे. वेल्ड टिकतो, पण गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालते.

दुसरी किंमत बैठकीची आहे. चाकाला बसलेला तोच धक्का आता शॉकअपवर आणि त्याच्या वरच्या-खालच्या बोल्टांवर सुमारे 21 टक्के अधिक जोराने पोचतो. पिव्हटच्या बुशांवरचा भारही कितीतरी वाढतो, म्हणून झिजलेल्या बुशांवर हे काम करू नये.

तिसरी किंमत सर्वांत मोठी आहे आणि तिचाच विचार सर्वांत कमी होतो. बैठक ॲक्सलपासून फक्त 20 मिमीवर असताना चाकाचा धक्का जवळजवळ सरळ शॉकअपमध्ये शिरतो आणि चिमट्याची नळी फारशी वाकत नाही. बैठक 90 मिमी पुढे गेली की नळीला वाकवणारा मोमेंट, म्हणजे जोर गुणिले अंतर, 20 आणि 90 च्या प्रमाणात, म्हणजे साडेचारपट होतो. मागच्या चाकावर दीडशे किलो भार असताना खड्ड्यात तो क्षणभर तिप्पट झाला, तर चिमट्याच्या डाव्या-उजव्या प्रत्येक भुजेच्या वाट्याला सुमारे 2,250 न्यूटन येतात आणि नव्या बैठकीपाशी सुमारे 200 न्यूटन-मीटरचा मोमेंट तयार होतो. भुजा 40 बाय 25 मिमीच्या, 2 मिमी जाडीच्या आयताकृती नळीची असेल आणि 40 मिमीची बाजू उभी असेल, तर धातूवर साधारण 78 मेगापास्कल ताण येतो. भुजा 32 मिमी व्यासाची, तितक्याच जाडीची गोल नळी असेल तर तोच आकडा दीडशेच्या वर जातो. साध्या पोलादाची कायमची वाकण्याची मर्यादा 250 मेगापास्कलच्या आसपास असल्याने हे आकडे सुरक्षित भासतात. पण इथे भार लाखो वेळा येतो आणि जातो, आणि वेल्डच्या काठावर असा वारंवार येणारा ताण सोसण्याची धातूची ताकद अखंड नळीच्या मानाने बरीच कमी असते. म्हणून गोल नळीच्या चिमट्यावर बैठक इतकी पुढे नेऊ नये. ती 365-370 मिमीच्या आसपास थांबवावी किंवा हा बेतच सोडावा. ॲल्युमिनियमच्या चिमट्याला तर घरी हातच लावू नये, कारण उष्णतोपचाराने त्या मिश्रधातूला आलेली ताकद वेल्डच्या आसपास निघून जाते आणि बाहेरून त्याची काहीच खूण दिसत नाही.

याच हिशेबातून वेल्ड कुठे मारायचा आणि कुठे नाही, हेही ठरते. ॲक्सलला आणि पिव्हटला वर ढकलणारा जोर, आणि मधल्या बैठकीला खाली दाबणारा शॉकअप, यामुळे भुजेची खालची बाजू ताणली जाते. त्या खालच्या बाजूवर, नळीच्या लांबीला आडवा मारलेला वेल्ड हीच तडा सुरू होण्याची जागा असते. नळीच्या उभ्या बाजूंच्या मध्यावर ताण जवळजवळ शून्य असतो, म्हणून सगळा वेल्ड शक्य तितका त्या मध्यरेषेच्या जवळ आणि लांबीच्या दिशेने ठेवावा.

पुठ्ठा, दोरी आणि पूर्ण हालचालीची तपासणी

गाडी मजबूत स्टँडवर अशी उभी करावी की मागचे चाक मोकळे लोंबकळेल. बॅटरी, सीट, पेट्रोलची टाकी आणि पूर्ण झाकणारे चेन कव्हर काढून ठेवावे. दोन्ही शॉकअप काढून चाक हाताने खालपासून वरपर्यंत हलवावे आणि जॅक लावून ते नव्या हिशेबाप्रमाणे सर्वांत वरच्या जागी, म्हणजे मोकळ्या जागेपासून 95 मिमी वर, धरून ठेवावे. या स्थितीत टायर आणि मडगार्ड यांच्यात किमान 20 मिमी जागा राहिली पाहिजे, कारण ओल्या काळ्या मातीचा थर टायरला चिकटतो तेव्हा ती जागा पटकन भरते. सायलेन्सर, ब्रेकचा रॉड, ड्रमची टॉर्क पट्टी आणि वायरिंग यांपैकी काही अडते किंवा ताणले जाते का, हेही इथेच पाहावे.

त्यानंतर जाड पुठ्ठ्याचा बैठकीचा साचा कापून तो भुजेला चिकटवावा आणि शॉकअप तात्पुरता लावून पाहावा. खालची बैठक पुढे गेली की शॉकअप अधिक उभा होतो, आणि मागे उतरत्या भुजेवर पुढची जागा मुळातच वर असते, त्यामुळे गाडीची मागची बाजू उचलली जाते. वर घेतलेल्या मापांत, 330 मिमी लांबीचा शॉकअप पूर्वी 70 मिमी कललेला असेल आणि भुजा 10 अंश उतरती असेल, तर ॲक्सलपाशी ही उचल सुमारे 25 मिमी होते. सव्वा मीटर व्हीलबेसच्या गाडीत तेवढ्याने पुढच्या फोर्कचा कल एक अंशाहून थोडा जास्त उभा होतो आणि हँडल चंचल होते. ते टाळायचे असेल तर नव्या बैठकीचे भोक भुजेच्या रेषेपेक्षा सुमारे 20 मिमी खाली घ्यावे. मात्र ते भोक खडकाला किंवा ठिबकच्या नळ्यांच्या खुंट्यांना घासणार नाही, याची खात्री करावी.

चेसीवरची वरची बैठक होती तिथेच राहू द्यावी. ती हलवली तर मूळ कारखान्यातले वेल्ड, सीटचा आधार आणि चेसीची सरळता एकाच वेळी धोक्यात येतात, आणि चेसीची चूक चिमट्यासारखी बदलून टाकता येत नाही. बेल्जियमचे ल्यूसियाँ टिल्केन्स यांची एका शॉकअपची मांडणी वापरून यामाहाच्या हाकान अँडरसन यांनी 1973 मध्ये 250 सीसी मोटोक्रॉसचे जागतिक विजेतेपद मिळवले. दोन शॉकअपच्या गाड्यांनीही त्याच काळात शॉकअप पुढे सरकवून चाकाची हालचाल वाढवली. आपल्या बदलाचे मूळ तिथे आहे. पण त्या गाड्यांच्या चेसी आणि चिमटे या भारासाठी नव्याने घडवले गेले होते, आणि बाजारातून घेतलेल्या जुन्या गाडीत तशी तजवीज नसते.

साहित्य आणि जिग

बैठकीसाठी 4 मिमी जाडीची साध्या पोलादाची नवी पट्टी आणि भुजेच्या बाजूंना लावण्यासाठी 2.5 मिमीचा पत्रा पुरतो. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हे दोन्ही हव्या त्या मापात कापून मिळतात. बोल्टचे भोक अचूक हवे असल्यामुळे बुश लेथवर करून घ्यावा. जुना खुंटा एकाच बाजूने धरलेला असतो. नवी बैठक मात्र दोन कानांची करावी, म्हणजे बोल्ट दोन्ही बाजूंनी आधारलेला राहील. बोल्ट 8.8 ग्रेडचा घ्यावा आणि तो कधीही वेल्ड करू नये.

बागेच्या मांडवाचे उरलेले अँगल प्रत्येक शेतात पडलेले असतात. ते जिगसाठी, म्हणजे वेल्ड करताना चिमटा सरळ धरून ठेवणाऱ्या चौकटीसाठी, उत्तम आहेत, पण बैठकीसाठी वापरू नयेत. त्यांतले बरेचसे जस्ताचा मुलामा दिलेले असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्ताचा धूर होतो, तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी-ताप भरतो, आणि जस्त मिसळलेला वेल्ड सच्छिद्र होतो. जिगलाही लावताना जिथे वेल्ड होणार तिथला मुलामा आधी घासून काढावा.

जिग म्हणजे दोन अँगलांची एक सरळ चौकट, जिच्या एका टोकाला पिव्हटच्या मापाचा आणि दुसऱ्या टोकाला ॲक्सलच्या मापाचा सरळ दांडा गुण्यात बसवलेला असतो. चिमटा गाडीवरून काढून, त्याचे रबरी किंवा प्लॅस्टिकचे बुश आणि ग्रीस काढून, तो या दोन दांड्यांवर घट्ट आवळावा. नळी एका बाजूने तापली की त्या बाजूला ओढली जाते. जिगशिवाय वेल्ड केलेला चिमटा दोन-तीन मिमी पिळला जातो आणि मग मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत कधीच बसत नाही. या एका वस्तूसाठी अर्धा दिवस द्यावा लागला तरी तो द्यावा.

प्रत्यक्ष वेल्डिंग

जागा आधी ठरवावी. द्राक्षबागायतदाराच्या शेडमध्ये भुरीसाठी आणलेली गंधकाची भुकटी, फवारणीची औषधे, डिझेलचे कॅन आणि रिकामे कागदी खोके एकत्र असतात. गंधक सहज पेट घेते आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक असतो. म्हणून काम शेडबाहेर, वाळलेले गवत साफ केलेल्या मोकळ्या जागी करावे, जवळ पाण्याची आणि वाळूची बादली ठेवावी, आणि काम संपल्यावर किमान अर्धा तास ठिणग्यांवर लक्ष ठेवावे. धातू धुण्यासाठी क्लोरीनयुक्त क्लीनर वापरू नये, कारण त्याचा अंश वेल्डिंगच्या उष्णतेत विषारी वायू तयार करतो. शॉकअप आसपासही नसावा. त्याच्या आत तेल आणि काही प्रकारांत दाबाखालचा नायट्रोजन असतो, म्हणून त्याच्या नळीला, कानाला किंवा स्प्रिंगला वेल्डिंगची अथवा गॅसची उष्णता कधीही देऊ नये.

दोन मिमीच्या नळीसाठी टिग वेल्डिंग सर्वांत चांगले आणि 0.8 मिमी तारेचे मिग त्याखालोखाल. घरी इन्व्हर्टरचे साधे आर्क मशीन असेल तर 6013 जातीचा 2.5 मिमीचा कोरडा रॉड, साधारण 60 ते 75 ॲम्पिअर करंट आणि होल्डर ऋण टोकाला, अशी सुरुवात करावी. फाटकासाठी आणलेले 3.15 मिमीचे रॉड नळीला भोक पाडतात. पावसाळ्यात उघड्या पुड्यातले रॉड ओल धरतात, तेही वापरू नयेत. मशीन 16 ॲम्पिअरच्या, अर्थिंग असलेल्या पॉइंटवरच लावावे. शेतातल्या मोटरपंपाच्या पेटीतून उघडी वायर ओढून करंट घेणे जीवघेणे आहे.

आधी त्याच जाडीच्या तुकड्यांवर सराव करावा. टी आकारात जोडलेला तुकडा व्हाइसमध्ये धरून हातोड्याने वाकवावा. पट्टी वाकली पण जोड सुटला नाही तरच करंट आणि हात दोन्ही योग्य आहेत असे समजावे. जोड सुटला आणि आत चकचकीत न वितळलेली कड दिसली तर धातू नुसता वर चिकटला होता. सरावात ही परीक्षा सलग उतरत नसेल तर तयार जिग, चिमटा आणि कापलेले तुकडे घेऊन अंबडमधल्या एखाद्या टिग वेल्डरकडे जावे. विचाराचे आणि मापाचे काम तोवर झालेले असते आणि वेल्ड चांगल्या हातून होणे हे महत्त्वाचे आहे.

भुजेवरचा रंग वेल्डच्या जागेपासून 30 मिमीपर्यंत घासून धातू उघडा करावा. बाजूचा पत्रा लांबट समभुज चौकोनाच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता कापावा. चौकोनी टोक असेल तर कडकपणा तिथे अचानक बदलतो आणि सगळा ताण त्या एका आडव्या रेषेवर जमा होतो. पत्र्याची खालची कड नळीच्या खालच्या कोपऱ्यापासून 10 मिमी वर राहावी. पत्र्याच्या चारही बाजूंना आधी टॅक, म्हणजे वेल्डचे छोटे तात्पुरते ठिपके, मारावेत, मग बैठकीचे दोन कान बुश आणि बोल्ट लावलेल्या स्थितीतच टॅक करावेत, आणि इथे थांबून पिव्हटपासून दोन्ही बैठकांचे अंतर मोजावे. डावे-उजवे अंतर एक मिमीहून अधिक वेगळे असेल तर टॅक घासून काढून पुन्हा बसवावे.

पूर्ण वेल्ड 20-25 मिमीच्या तुकड्यांनी मारावा. एक तुकडा डाव्या भुजेवर, पुढचा उजव्या भुजेवर, मग पुन्हा डावीकडे पण कर्णाच्या दुसऱ्या टोकाला, असा क्रम ठेवला की उष्णता वाटली जाते. अर्थचा क्लॅम्प प्रत्येक वेळी त्याच भुजेवर, वेल्डच्या जवळ लावावा. पत्र्याच्या निमुळत्या टोकाला वेल्ड सुरू किंवा बंद करू नये, तर तो टोकावरून वळवून सरळ कडेवर संपवावा, कारण वेल्ड जिथे थांबतो तिथे खड्डा पडतो आणि तडा त्या खड्ड्यातून निघतो. काम झाल्यावर पाणी ओतू नये. चिमटा जिगवरच हवेत निवू द्यावा आणि हाताला पूर्ण थंड लागल्यावरच दांडे काढावेत. दांडे हाताने सरकत निघाले तर चिमटा सरळ आहे.

जुनी बैठक लगेच कापू नये. चाचणी समाधानकारक झाली की ती नळीपासून दोन मिमी ठेवून कापावी आणि उरलेला भाग कानशीने नळीच्या लांबीच्या दिशेने घासून एकसंध करावा. ग्राइंडरची आडवी रेघ खालच्या बाजूवर राहता कामा नये.

तपासणी, जोडणी आणि सॅग

वेल्डमधले बारीक तडे डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून डाय पेनिट्रंटचा संच आणून लाल रंग मारावा, दहा मिनिटे थांबून पुसावा आणि वर पांढरा डेव्हलपर मारावा. पांढऱ्यावर उमटणारी लाल रेघ म्हणजे तडा. रंग देताना वेल्डच्या जागी काळा न देता फिकट राखाडी किंवा पांढरा द्यावा, कारण पुढे तडा गेला तर गंजाची बारीक रेघ त्यावर लगेच दिसते.

जोडताना नवे बुश आणि ग्रीस घालावे. चेनची ढिलाई पूर्वीच्या सवयीने स्टँडवर तपासू नये. पुढच्या स्प्रॉकेटचे केंद्र, पिव्हट आणि ॲक्सल एका सरळ रेषेत येतात तेव्हा चेन सर्वाधिक ताणलेली असते, म्हणून शॉकअप न लावता चाक त्या जागी उचलून धरावे आणि तिथे चेन थोडी तरी सैल राहील अशी बसवावी. चाकाची हालचाल वाढवल्यावर हे केले नाही तर खड्ड्यात चेन तुटते किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टचे बेअरिंग जाते.

शेवटी सॅग, म्हणजे भाराने गाडी मागून किती खाली बसते ते, मोजावा. ॲक्सलच्या सरळ वर मडगार्डवर खूण करून तीन मापे घ्यावीत. पहिले चाक लोंबकळताना, दुसरे गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना आणि तिसरे माणूस व नेहमीचा भार, समजा दोन भरलेले कॅन, चढवल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक एकूण हालचालीच्या तीसेक टक्के, म्हणजे 95 मिमीमागे 28 ते 30 मिमी असावा. फरक 40 च्या पुढे गेला तर प्रीलोडचा, म्हणजे स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा, कप चढवून पाहावा. शेवटच्या खाचेवरही तो कमी झाला नाही तर स्प्रिंग मऊ आहे आणि ती बदलावीच लागेल.

पहिली फेरी रिकाम्या गाडीवर, सपाट जागी, चालण्याच्या वेगाने घ्यावी आणि दहा मिनिटांनी सर्व नट पुन्हा आवळावेत. मग भार चढवून चाकोरीत न्यावी आणि टायर, चेन, ब्रेकचा रॉड यांवर घासल्याच्या खुणा पाहाव्यात. पहिला महिनाभर दर आठवड्याला आणि त्यानंतर प्रत्येक फवारणीच्या हंगामाआधी चिमटा धुऊन वेल्डची टोके तपासावीत. कुठे तडा दिसला तर त्यावर पुन्हा वेल्ड चढवू नये. तो चिमटा भंगारात टाकून दुसरा आणावा, बैठक पुन्हा पिव्हटपासून जास्त अंतरावर, म्हणजे ॲक्सलच्या दिशेने वीस-तीस मिमी मागे घ्यावी, आणि जपून ठेवलेल्या त्याच जिगवर काम पहिल्यापासून करावे.